पथ्य हरीदीचं, शपथ तफीदाची

हरीदीचं पोट एका रात्रीत सुटलं नव्हतं. ते मोठ्या माणसासारखं सावकाश, सगळ्यांची विचारपूस करत पुढं आलं होतं. तरुणपणी हाच गडी वलीच्या जत्रेत लाठी खेळायला उतरला की ढोलवाल्याचे हात भरून यायचे, याचे पाय भरून येत नसत. आता पन्नाशी उंबऱ्याशी आली होती आणि चपलेचा पट्टा लावायचा तर आधी टेकायला भिंत शोधावी लागत होती. शेताला पाणी पाजायला डिझेलचं इंजिन आलं, शेतावर जायला थोरल्या लेकाची, रागिबची, मोटरसायकल आली. जेवायचं काम तेवढं कुठल्याच यंत्रानं त्याच्या हातून काढून घेतलं नाही, आणि ते तो मन लावून करत होता. दुपारी जेवून आडवा व्हायचा. उठल्यावर झोपेचा शीण यायचा. तो शीण उतरवायला पुन्हा आडवा व्हायचा.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याचं रक्त तपासलं आणि सांगितलं, "साखर अगदी कडेला येऊन उभी आहे. तूप बंद, काकवी बंद, चहात साखर बंद. आणि रोज चालायचं."

"बाई, शेतकऱ्याला चालायला शिकवताय व्हय?"

"शेतकरी तुमचं इंजिन आहे, चाचा," बाई म्हणाल्या. "तुम्ही नुसते मालक."

हरीदीला हे लागलं. इतकं लागलं, की येत्या शनिवारपासून पथ्य सुरू करायचं त्यानं तिथल्या तिथं ठरवलं. आमच्या नजा हिलफाय गावात, इजिप्तातल्या सोहागपासून खाली सगळ्याच गावांत, आठवडा शनिवारी उजाडतो. त्यामुळं अंग झटकायची सगळी कामं शनिवारच्या गळ्यात. पण शनिवारच्या आधी शुक्रवार येतो, आणि तूप सोडायचं म्हणजे तुपाला निरोप द्यायला नको का? शुक्रवारी त्याची बायको तफीदा बदक भाजायची. निरोप असा भरघोस व्हायचा, की शनिवारी त्या निरोपाच्या ओझ्यानं हरीदीला उठवत नसे. असे किती शनिवार गेले, ते शनिवारच जाणोत.

एकदा मात्र तो खरंच उठला आणि कालव्याच्या बांधानं चालू लागला. आता आमच्याकडं माणूस चालतो तो कुठंतरी जायला चालतो. हातात कुदळ नाही, डोक्यावर भारा नाही, पुढं गाढव नाही, आणि बाबा नुसताच चाललाय म्हटल्यावर गाव दारात येऊन उभं राहिलं.

"हरीदी, कोन गेलं रं?" पहिल्याच वळणावर एकानं विचारलं.

"कोन न्हाई. चालतोय."

"म्हंजे गाडी बिघडली. बस माज्या मागं."

"आरं डागदरनं सांगितलंय..."

"तलाक माज्यावर, न्हाई बसलास तर!"

झालं. हे आमच्याकडचं ब्रह्मास्त्र. पाव्हणा "नको" म्हणाला की यजमान आपल्या बायकोचा तलाक पणाला लावतो. चहा घे, न्हाईतर माझी बायको सुटली. बस, न्हाईतर सुटली. आणखी एक तंगडी खा, न्हाईतर सुटली. बायको बिचारी घरात भांडी घासत असते. आज आपण कितीदा सुटता सुटता राहिलो, याचा तिला पत्ताही नसतो. दुसऱ्याचा संसार मोडायचं पाप कोण घेणार? माणूस मुकाट्यानं खातो, पितो, बसतो. हरीदीही बसला. पुढं दोघांनी त्याला चहाला ओढलं, एकानं उसाचा रस पाजला, आणि व्यायाम करून तो घरी आला तेव्हा सकाळपेक्षा जड झाला होता.

संध्याकाळी दरदीरच्या चहाच्या दुकानात हाच विषय.

"आज हरीदी चालला म्हनं!"

"चालला कुटला? कालव्यानं वाहून आनला त्येला."

"त्येच्यानं काय पथ्य हुतंय? बदक दिसलं की ह्येचं पोट आधी सलाम करतंय."

सगळी फिदीफिदी हसली. दरदीरनं न विचारता नेहमीचा चार चमचे साखरेचा चहा पुढं ठेवला. हरीदी उठला, छाती काढली (पोट अगोदरच निघालेलं होतं) आणि गरजला, "तलाक माज्यावर, तफीदाचा! आंबा पिकंस्तवर तुपाचा घास, गोडाचा थेंब तोंडात घातला, न्हाईतर चालायचं सोडून कुनाच्या गाडीवर बसलो, तर!"

दरदीरनं चहाचा पेला मागं ओढला. दुसऱ्याला खायला घालायला तलाक घालतात, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. स्वतःला उपाशी ठेवायला तो घालणारा हा पहिलाच.

तो घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. तफीदा दारातच उभी होती. आमच्याकडं नवरा-बायको एकमेकांना लेकाच्या नावानं हाक मारतात, अबू म्हणजे बाप, उम्म म्हणजे आई.

"या, अबू रागिब. ऐकलं ते खरं हाय?"

"मर्दाचा शब्द हाय, उम्म रागिब."

"शब्द मर्दाचा, आनि मान माजी? पोट तुमचं सुटलं, तर सुटायचं म्या? एवढी शपथ घ्यायची खाज हुती तर मिशीची घ्यायची! उतरली असती तर परत उगवली असती."

"मिशीला कोन भितंय, गं?" हरीदी खरं तेच बोलून गेला.

पण एक मानलं पाहिजे. त्या शपथेनं जे झालं, ते डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी झालं नव्हतं. आता चालताना कुणी गाडी थांबवली की हरीदी नुसतं म्हणायचा, "घरचा तलाक हाय," आणि गाडीवाला प्रेताला वाट द्यावी तसा बाजूला व्हायचा. चहात साखर घालायला कुणी धजेना. तफीदानं तुपाची बरणी शेजारणीकडं नेऊन ठेवली आणि त्याच्या ताटावर अशी नजर ठेवली, जशी जन्मात कधी त्याच्यावर ठेवली नव्हती. बाकल्याच्या दाण्यांची उसळ, कांद्याची पात, उन्हात पीठ फुगवून भाजलेली भाकरी, जुनं खारट चीज. पहिले काही दिवस हरीदी भुकेल्या उंटासारखा सगळ्यांवर थुंकत हिंडला. मग हळूहळू दुपारची झोप आपोआप आखूड झाली. एक दिवस त्यानं इंजिनाचा पट्टा स्वतः चढवला. चपलेचा पट्टा लावताना भिंत कुठं आहे हे बघायचं तो विसरला. आणि एका सकाळी, कोणी बघत नाही असं वाटून, परसात दांडकं घेऊन लाठीचे दोन हात फिरवले. तफीदानं खिडकीतून ते बघितलं. त्या दिवशी तिनं उसळीत लिंबू पिळलं.

दोघांचं चांगलं चाललं होतं, आणि चांगलं चाललेल्या घरात नेहमी मेव्हणा येतो.

खलफ तफीदाचा धाकटा भाऊ. बरीच वर्षं कुवेतला होता. आला तो सकाळी, आणि दुपारी त्याच्याकडं घर भरून मेजवानी. बाप्ये बाहेरच्या खोलीत, बायका आतल्या. मधल्या दाराला पडदा, म्हणजे बाहेरचं सगळं आत ऐकू जातं आणि आतलं सगळं बाहेर, मात्र दोन्हीकडं कुणी काही ऐकत नसतं. मधोमध आली फतीर. थरावर थर, प्रत्येक थरात तूप, वर काकवी, कडेला मलई. तिचा वास आला आणि हरीदीच्या पोटानं जुना दोस्त ओळखला.

"घ्या दाजी!"

"न्हाई खलफ, मला चालत न्हाई."

"चालत न्हाई? इतक्या वर्सांनी आलोय मी! बहीन दिली तुमाला, आनि माज्या घरची फतीर चालत न्हाई?"

"तसं न्हवं रं, ऐक तर..."

पण कुवेतच्या उन्हात माणूस गावचं ऐकून घेणं विसरतो. खलफनं फतीरीचा चतकोर तोडला, हरीदीच्या नाकापुढं धरला आणि मोठ्यानं म्हणाला, "तलाक माज्यावर, ऐतमादचा! दाजीनं ही खाल्ली न्हाई तर!"

खोलीतल्या प्रत्येक माणसाला हरीदीची शपथ ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती एकट्या खलफला. कुणाचा घास हवेत राहिला, कुणाचा घशात. पडद्यापलीकडं खलफच्या बायकोच्या, ऐतमादच्या, हातून तांब्या पडला. हरीदीनं खाल्लं तर तफीदा सुटली. नाही खाल्लं तर ऐतमाद. नवऱ्याची कित्येक वर्षं वाट बघितलेली बाई, तो आला त्याच दिवशी. आणि हे सगळं एका रोटीवर.

दरदीर हळूच पुटपुटला, "आता बगा मजा."

हरीदीनं पडद्याकडं पाहिलं, चतकोराकडं पाहिलं आणि घास घेतला. सगळ्यांनी उसासा सोडला. कुणीतरी "शाबास!" म्हणालं. मेव्हण्याचं घर वाचवायला स्वतःचं लावणारा माणूस! इथं हरीदी थांबला असता, तर नजा हिलफायनं त्याला जन्मभर खांद्यावर घेऊन मिरवला असता.

पण तो थांबला नाही. दुसरा घास घेतला. तिसरा काकवीत बुडवला. चतकोर संपला तसा उरलेल्या फतीरीकडं वळला. बाकीचे जेवायचं विसरून बघत राहिले.

पडदा बाजूला झाला. तफीदा बाप्यांच्या खोलीत आली, ही आमच्याकडं भूकंपाची बातमी असते.

"अबू रागिब, पयला घास माज्या भावाच्या घरासाठी खाल्लात. तो मी डोक्यावर घेते. त्येच्या म्होरचे कुनाच्या घरासाठी खाल्लेत?"

हरीदीच्या मिशीवरून काकवी ओघळत होती. "शपत मोडलीच हुती म्हून..."

"म्हंजे घर पडलं, तर आतलं सामान लुटायचं?" ती म्हणाली. "ऐतमाद, मला हातरूण घाल. मी हितंच राहनार."

खलफला कुणीतरी कानात सगळं सांगितलं. त्यानं कपाळ बडवून घेतलं, पण कपाळानं काही निस्तरत नाही. दुसऱ्या दिवशी हरीदी मशिदीतल्या शेख उवैसांकडं गेला.

"तिला सोडायचं मनात हुतं का तुज्या?" शेखांनी विचारलं.

"तौबा! तिच्याबिगर मला माजी टोपी घावत न्हाई."

"मग निकाह जागच्या जागी हाय. जिभेचा दंड म्हून धा गरिबांना जेवू घाल. आनि बायकूला तोंडाच्या पट्ट्यात घिऊ नगंस, नादान मानसा."

दंड भरणं सोपं वाटलं. पण जेवण म्हटल्यावर नजामध्ये गरिबीची साथच आली. ट्रॅक्टरवाला हाजीसुद्धा तांब्या घेऊन दारात हजर. आणि रांधणार कोण? लेक नांदायला गेलेली, रागिब शहरात कामाला. हरीदीनं स्वतः मसूर शिजवला. खरे गरीब जेवले, आणि जाताना एक म्हातारी त्याच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "लेकरा, बायकूला आन."

आणायला तो रोज गेला. खलफचं घर पुलापलीकडं, गावाच्या दुसऱ्या टोकाला. रोज संध्याकाळी चालत जायचं, ओट्यावर बसायचं, आतून बिनसाखरेचा चहा यायचा, चहा पिऊन चालत परत यायचं. आता शपथ नव्हती. गाडीवर बसायला कुणाची आडकाठी नव्हती, घरात तुपाला राखण नव्हती. शेजारणीनं बरणी परत आणून दिली, तेव्हा ती त्यानं माळ्यावर ठेवली. का, हे त्याचं त्यालाच कळलं नाही. एक दिवस तफीदा स्वतः चहा घेऊन बाहेर आली.

"शेखांनी निकाह हाय म्हनून सांगितलं, उम्म रागिब."

"शेखांचा हिशेब देवाशी. माजा हाय तुमच्याशी." तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. झगा अंगावर वाऱ्याला हलत होता. "गाडीवर न्हाई बसला?"

"न्हाई."

"आता कुनाला भिताय?"

"कुनाला न्हाई. चाललो की रातीला झोप चांगली लागती. गुडघं बी कुरकुरत न्हाईत."

"असं! म्हंजे मी वाट बघती, नवरा मला न्यायला येतोय. आनि ह्यो येतोय गुडघ्यासाठी!"

हरीदीनं चहात तोंड घातलं. काहीही बोललं तरी पाय खोलातच जाणार होता. तफीदा आत गेली. पण पडद्याआड तिचा खांदा हसण्यानं हलताना ऐतमादनं बघितला, आणि ऐतमादनं बघितलेलं गावानं बघितल्यासारखंच असतं.

गहू कापणीला आला. यंदा हरीदीनं यंत्र बोलावलं नाही. हातात विळा घेऊन स्वतः सरीत उतरला. सकाळभर कापत राहिला. पाठ बोलत होती, पण शिव्या देत नव्हती. ऊन डोक्यावर आलं तेव्हा बांधावरून एक काळी चादर येताना दिसली. डोक्यावर टोपली, चाल ओळखीची.

तफीदानं टोपली खजुरीच्या सावलीत उतरवली. भाकरी, चीज, कांदे. हरीदी येऊन बसला. तिनं त्याच्यापुढं भाकरी ठेवली, आपण मात्र हात गुडघ्याभोवती घालून बसली.

"तू?"

"मला भूक न्हाई."

हरीदीचं तोंड सवयीनं उघडलं. "तला..." एवढं दातापर्यंत आलंच होतं. विळा दोघांच्या मधे पडला होता. तफीदानं विळ्याकडं बघितलं नाही. हरीदीनं बघितलं.

मग त्याला दुसरे शब्द शोधावे लागले. उभ्या जन्मात त्यानं कुणाला जेवायला विनवलं नव्हतं. विनवायची पाळी यायच्या आधीच शपथ काम उरकून टाकायची. सकाळभर गहू कापून जेवढा घाम आला नव्हता, तेवढा आता आला.

"खा की," तो म्हणाला. "थोडं. खाल्लंस तर बरं वाटंल."

"कुनाला?"

"मला."

तफीदानं टोपलीतला कांदा उचलला. मग मुठीनं तो फोडला, मोठी फोड स्वतःकडं ओढली आणि भाकरीचा तुकडा मोडला.

"चूल साफ केली का मी गेल्यापास्नं?"

"न्हाई."

"वाटलंच मला." ती चावत राहिली. "सांजच्याला सरपण घरात असू द्या. आनि डोक्यावर घिऊन या, गाडीवर न्हाई."