बाबांचा मुतखडा आणि माझं बटण

लघवीच्या नळीत अडकलेला मुतखडा चिरफाड न करता, बाहेरून मशीनचे धक्के देऊन फोडायचा, हे माझं काम. मुलुंडच्या एका इस्पितळात बारा वर्षं मी ते करते. पण बाबा सोसायटीत सगळ्यांना मालवणीत सांगायचे, "चेडू बटण दाबता." म्हणजे पोरगी नुसतं बटण दाबते. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ते स्वतः आधी गिरणीत मागावर, मग कारखान्यात प्रेसवर उभे राहिलेले. त्यांच्या लेखी घाम न येणारं काम म्हणजे कामच नव्हे.

मग खडा त्यांनाच झाला. डाव्या नळीत, वरच्या बाजूला. किडनी फुगायला लागली होती. धक्क्यांनी फुटला नाही तर ऑपरेशन, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. आणि गिरणीतल्या कापसाच्या धुळीने बाबांची फुप्फुसं आधीच गेलेली, पूर्ण भूल देणं धोक्याचं. मला घाम फुटला. डॉक्टरांनी विचारलं, मशीनवर दुसऱ्या कुणाला बसवू का? मी म्हटलं, नको.

त्या दिवशी सकाळी बाबांना उपाशी यायला सांगितलं होतं. आले. फक्त दोन वाट्या कुळथाचं सार पिऊन! मी कपाळावर हात मारला. त्यांचं म्हणणं, ते खाणं थोडंच आहे, ते तर मुतखड्यावरचं औषध, गावी सगळे तेच पितात. झालं, सकाळची वेळ दुपारवर गेली. आणि दुपारी टेबलावर घेतलं तर कुळथाने पोटात गॅस धरलेला, पडद्यावर खडा दिसेचना. डॉक्टर म्हणाले, आज राहू दे.

मी पाच मिनिटं मागून घेतली. बाबांना किंचित कुशीवर वळवलं, सोनोग्राफीचा दांडा बरगडीखाली दाबून धरला, जरा इकडे, जरा तिकडे, आणि सापडला मेला. "बाबा, आता हलायचं नाही. श्वास लहान घ्या." टक्, टक्, टक्. मोठा श्वास घेतला की खडा सरकायचा. मी थांबायची, नेम धरायची, परत चालू करायची. तासभर हेच. पाठ भिजली माझी. बाबा मान वळवून माझ्या हातांकडे बघत होते. शेवटी पडद्यावरचा तो ठिपका विस्कटला.

पुढचे चार दिवस बाबांनी लघवी गाळून चुरा जमवला. आईची चहाची गाळणी त्यात कायमची बाद झाली. चुरा हिंगाच्या रिकाम्या डबीत भरला आणि रविवारी खाली बाकावर दोस्तांना दाखवायला बसले. शेजारचे काका म्हणाले, मशीन भारी असणार तुमच्या पोरीचं.

"मशीन सगळीकडे असता," बाबा म्हणाले. "हात होयो, हात. माझ्या चेडवाचो."

मी भाजीची पिशवी घेऊन त्यांच्या मागेच उभी होते. आणखी काय काय सांगतात ते ऐकायला मुद्दाम तिथेच थांबले.