सुभेदाराचा आवाज

लढाई संपली, पलटणीतून नाव कमी झालं आणि तरीही माझी आणखी एक बदली झाली: भडगावहून धुळ्याला. हुकूम बायकोचा. गिरणीत पहारेकऱ्याची नोकरी मिळाली होती. "बठ्ठं बांधेल शे, चला," गोदा म्हणाली. सामान म्हणजे दोन ट्रंका, एक वळकटी, पोत्यातलं मांजर आणि एक सुभेदार.

मांजर चाळीसगावला गाडी बदलताना पोत्यातून निसटलं. कंपनीत रिक्रुटांना गाठी मारायला मीच शिकवत असे.

सुभेदार हा कुत्रा. नामदेवचा. नामदेव आमच्याच गावचा आणि म्युल कंपनीत माझ्याच सेक्शनमध्ये ड्रायव्हर. म्हणजे खेचर हाकणारा. आम्ही दोघं रजेवर आलो असताना त्यानं पिल्लू पाळलं आणि बारसं करून टाकलं. "तू नाईक, हा सुभेदार. ठोक सॅल्यूट!" मी ठोकला. सगळी गल्ली हसली. पुढे नामदेव ब्रह्मदेशातून परतला नाही. त्याच्या आईनं दोरी माझ्या हातात दिली. "भाऊ, याले तूच लई जाय. देखीसन माले रडू येस."

धुळ्याचे घरमालक नाना कचेरीतून निवृत्त झालेले. दारातच म्हणाले, "नाईकसाहेब, कुत्रं चालेल. भुंकणं चालणार नाही."

"आवाज बंद करण्यात आमची कंपनी पटाईत होती, नाना!" मी छाती काढून सांगितलं. शेखी मिरवायला मला कधी जागा कमी पडली नाही.

तिसऱ्याच दिवशी दूधवाल्यावर सुभेदार तुटून पडला. नाना ओट्यावर आले. "आता एकदा जरी ओरडलं, तर बिऱ्हाड रस्त्यावर."

मी ट्रंकेतून पायाला गुंडाळायची लष्करी पट्टी काढली आणि कुत्र्याचं तोंड बांधलं. या खेपेला गाठ पक्की बसली.

"हाई काय करी ऱ्हायनात?" गोदानं विचारलं.

"बंदोबस्त."

दुपारी पोस्टमन आला. सुभेदारानं मान ताणली. बरगड्या हलल्या. आवाज नाही. ती मान मी आधी पाहिली होती.

ब्रह्मदेशात खेचरांचा आवाज शत्रूला कळू नये म्हणून डॉक्टरसाहेब त्यांच्या गळ्यातल्या तारा कापत. नामदेवच्या खेचराचं डोकं धरायला मीच होतो. शाबासकी मिळाली होती.

पावसात डोंगराच्या धारेवरून कॉलम चालला होता. नामदेव सगळ्यात मागे. वाट खचली. मी वळून पाहिलं, तर मागे नुसतं धुकं. वायरलेसवर विचारणा झाली. उत्तर आलं: "नो शाउटिंग. कीप मूव्हिंग." आम्ही चालत राहिलो. ठाण्यावर माल उतरवल्यावर परत जायची परवानगी मिळाली. त्या जागेवरून आम्ही दोनदा गेलो. हाका मारायला बंदी. धुक्यात खालचं काही दिसेना.

धुकं विरलं तेव्हा दिसलं. खाली नामदेव ओझ्याखाली पडलेला आणि शेजारी खेचर उभं. मान वर, तोंड उघडं. ते ओरडत होतं. किती वेळ ओरडत होतं, देव जाणे. नामदेवचं अंग अजून गरम होतं.

मी कुत्र्याच्या तोंडाची पट्टी सोडायला बसलो. सुटेना. गोदानं विळी आणून दिली.

सुभेदार जो भुंकला, तो गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेला. नाना धावत आले. "नाईकसाहेब, हा बंदोबस्त?"

"नाना, तो सुभेदार आहे. मी नाईक. त्याला हुकूम कसा देणार?"

नाना हसले नाहीत. संध्याकाळी आमच्या ट्रंका रस्त्यावर होत्या.

आता आम्ही पांझरा नदीच्या काठी कुडाच्या खोपटात राहतो. पाऊस आत येतो. गिरणीतले लोक म्हणतात, कुत्र्यापायी पक्कं घर घालवणारा शहाणा नाईक तो हाच. खरं आहे. मी मान हलवतो.

नामदेवला त्या डोंगरातच मूठमाती दिली. वर दगड ठेवला, पण नाव कोरायला वेळ नव्हता. खेचर दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या ड्रायव्हरला दिलं.

सुभेदार अजूनही वेळी-अवेळी भुंकतो. मी उठून बाहेर जातो आणि खाली, नदीकडे, नीट बघून येतो.