आधी लिव्हर दाब

शांतामावशी माणसाचं तोंड बघायच्या आधी त्याच्या गाडीचं पुढचं चाक बघायच्या. चिखलीतल्या आमच्या सोसायटीत त्या भाडेकरू. मूळच्या परभणीकडच्या, चाकणला कंत्राटी कामगार. पहिल्याच भेटीत मी त्यांना आमच्या कामगार संघटनेचं पत्रक दिलं : 'कामगाराचा जीव स्वस्त नाही.' ते वाचून त्या माझ्या मोटारसायकलच्या चाकापाशी उकिडव्या बसल्या.

"पत्रकात जीव लिहायलास, आन् हितं ब्रेकचं पॅड झिजून लोखंडाला लोखंड घासायलंय. कुणाला शिकवायलास बाबा?"

रविवारी त्यांनी पार्किंगमध्ये गोणपाट अंथरलं आणि पाना माझ्याच हातात दिला. दुसऱ्याचे पॅड त्या कधीच बदलून देत नसत. "हायवेला कंटेनरच्या मागं तू जाणार. तुझा ब्रेक तुझ्या हातानं बसव." मी पॅड धरणारा कॅलिपर सोडला, जुने पॅड काढले, पिस्टन आत ढकलून नवे बसवले. "निघायच्या आधी लिव्हर दाब. पिस्टन मागं गेलाय, हाताला घट्ट लागंस्तोवर दाबत ऱ्हा."

मला कारखान्यापुढच्या गेटसभेला उशीर होत होता. "हो हो," म्हणत मी गाडी काढली. उतारावर लिव्हर दाबला, तो सरळ मुठीला टेकला. गाडी सोसायटीच्या चेअरमनच्या कुंड्यांत.

"पार्किंग म्हणजे गॅरेज नाही. गाडी कुणी उघडली?" चेअरमननी विचारलं.

"मी," मी म्हणालो.

"आन् मी शिकवलं," मावशी म्हणाल्या. "पुढच्या रविवारी बी शिकवणार."

भाडेकरूनं असं बोलायचं नसतं. मावशींच्या घरमालकाला फोन गेला, महिनाअखेर खोली सोडायचा निरोप आला. आमचा फ्लॅट मालकीचा, म्हणून मला फक्त 'जपून रे'. घाई माझी, शिक्षा त्यांना. यालाच हे लोक नियम म्हणतात.

मी संतापून पत्रक लिहायला बसलो. मावशी म्हणाल्या, "लिही की. पण माझी कीव नको. तू लिव्हर दाबला नव्हतास, ते आधी लिही." लिहिलं. तेवढं लाजिरवाणं आणि तेवढं खरं पत्रक मी पुन्हा लिहिलेलं नाही.

शेवटच्या रविवारी टेम्पोत सामान चढलं होतं, तरी गोणपाटाभोवती तीन गाड्या उघडलेल्या होत्या. 'येथे वाहनदुरुस्ती करू नये' या नव्या नोटिशीच्या खिळ्याला मावशींनी माझे झिजलेले पॅड अडकवले.

"मी आळंदीला नव्या खोलीवर चालले. हितलं तू बघ."

आता दर रविवारी त्या गोणपाटावर मी बसतो. चेअरमन येतात, नोटिशीकडे बोट दाखवतात. मी पॅड बसवणाऱ्याला सांगतो, "आधी लिव्हर दाब." लिव्हर घट्ट लागेपर्यंत चेअरमनना थांबावं लागतं.