दक्षिणेची भिंत

कात्रीअण्णा फ्लेक्समधले देव कापून नेत असत. फक्त देव. पुढारी जागेवर राहायचा, त्याचे जोडलेले हात राहायचे, खाली 'शुभेच्छुक' म्हणून ओळीने छापलेले चेहरे राहायचे. वरच्या कोपऱ्यात, जिथे गणपती किंवा देवी असायची, तिथे त्या देवाच्याच आकाराचं भोक. मुकुटाची टोकं, सोंडेचं वळण, चार हात, सगळं कसं सुबक कापलेलं. भोकातून मागचं आभाळ दिसे. नाशकात पंचवटीकडून द्वारका सर्कलकडे येताना असे चार-पाच फ्लेक्स एकापाठोपाठ लागत. स्कूटर चालवताना मी वर बघायचंच टाळत असे. आणि गंमत म्हणजे त्यातले निम्मे फ्लेक्स मीच छापलेले असत.

माझं फ्लेक्स प्रिंटिंगचं दुकान आहे. 'वर कोपऱ्यात देव टाका' हे आमच्या धंद्यातलं पहिलं वाक्य. वाढदिवस असो, हॉटेलचं उद्घाटन असो, नाहीतर कुणाची समितीवर निवड झालेली असो, गिऱ्हाईक देव आधी सांगतं आणि मजकूर मागाहून. माझ्या कॉम्प्युटरात देवांचं एक फोल्डरच आहे. एकदा एका इच्छुकाचा माणूस शेजारी खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "मॅडम, देवाचे डोळे जरा मोठे करा. जागृत वाटला पाहिजे. पब्लिककडं बघताना दिसला पाहिजे." मी केले मोठे. ते चित्र सगळ्यांना इतकं आवडलं की पुढे जो तो तेच मागू लागला. गावभर तोच चेहरा, तेच डोळे.

अण्णा पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा मला वाटलं, श्राद्धाची पत्रिका वगैरे करायची असेल. बारीक अंगकाठी, पांढरा लेंगा, खांद्याला पिशवी, पिशवीत फडक्यात गुंडाळलेली शिंप्याची लांब कात्री. उभं आयुष्य त्यांनी शाळेचे गणवेश शिवण्यात घालवलं होतं. म्हणाले, "ताई, नाक्यावरचा तो वाढदिवस होऊन गेला. देव न्यायचा म्हणतो. तुमची परवानगी घ्यायला आलो."

"माझी कशाला? ज्यांचा फ्लेक्स त्यांना विचारा की."

"त्यांनी पैसे दिले. घडवला तुम्ही. घडवणाऱ्याला विचारावं लागतं."

मला घडवणारी म्हणणारा हा जगातला एकमेव माणूस. मी हसत मान डोलावली. कार्यक्रमाची तारीख उलटल्याखेरीज ते कात्री लावत नसत. शिडीवर चढून आधी हात जोडत, आणि लग्नघरी रेंगाळलेल्या पाहुण्याला न्यायला आल्यासारखं म्हणत, "चला. झालं तुमचं काम."

हे खूळ कुठून आलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. लासलगावला कांद्याच्या लिलावाला आलेल्या कुणीतरी जुना फ्लेक्स ट्रॉलीखाली अंथरला होता. चिखलाचे पाय घेऊन एक माणूस आला आणि त्यावर पाय पुसू लागला. खाली बरोबर देवीचं तोंड. "त्याची चूक नव्हती हो," अण्णा म्हणाले. "त्याच्या लेखी ते प्लॅस्टिक. पण ती खालून बघत होती. मी त्या डोळ्यांत पाहिलं आणि मला राहवलं नाही."

मिठाईच्या दुकानात ते पिशवी घेत नसत, कारण पिशवीवर गणपती छापलेला. पेढे रुमालात बांधून न्यायचे. दुकानदार वैतागून म्हणाला, "अण्णा, देवाचा आशीर्वाद आहे, घ्या की." तर अण्णा म्हणाले, "आशीर्वाद तुमच्या गल्ल्यावर असू द्या. उद्या तो गटारात सापडला की मलाच वाकावं लागतं." वाकायचेही खरंच. भर बाजारात, लोकांच्या पायांतून हात घालून.

एकदा एका भाऊंचा कार्यकर्ता दुकानात येऊन तणतणला. "मॅडम, ह्या म्हाताऱ्याला आवरा! भाऊ कोनाला हात जोडत्यात तेच कळंना. लोकं हासायला लागली." अण्णा तिथेच बाकावर चहा पीत होते. शांतपणे म्हणाले, "मतदाराला जोडलेत म्हणून सांगा. तेवढंच बरं दिसेल." कार्यकर्ता बाकावर टेकला. तोही चहा घेऊन गेला.

ह्या कापलेल्या देवांचं अण्णा पुढे काय करतात, हे मी बरेच दिवस विचारलंच नाही. विचारलं त्या दिवशी ते मला घरी घेऊन गेले. गोदाघाटाच्या वरच्या गल्लीत एक भाड्याची खोली. बायको गेलेली, मुलगी मंगल दिंडोरीला दिलेली. दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थबकले. भिंती दिसतच नव्हत्या. खालपासून छतापर्यंत खिळ्यांना लटकवलेले देव. काही तळहाताएवढे, काही माझ्या उंचीचे. आणि बहुतेकांचा चेहरा एकच, माझा, म्हणजे मी केलेला. ते मोठे केलेले डोळे. मी डावीकडे सरकले तरी माझ्याकडे, उजवीकडे सरकले तरी माझ्याकडे. दाराच्या फटीतून वारा आला की सगळे एकदम किंचित हलायचे, आणि मग एकदम थांबायचे. 

"नदीत सोडवत नाहीत, विरघळत नाहीत," अण्णा म्हणाले. "जाळवत नाहीत, जमिनीत पुरवत नाहीत. एकावर एक रचू म्हटलं तर देव काय गोणपाट आहे? मग राहतात इथेच."

पश्चिमेच्या भिंतीवर ईदच्या फ्लेक्सवरचं मक्केचं चित्र होतं, कारण तिची जागा तीच, असं अण्णा म्हणत. जयंतीच्या बॅनरवरचे बुद्धही होते, उत्तरेच्या भिंतीला, खिडकीजवळ. दक्षिणेची भिंत तेवढी मोकळी. तिकडे पाय करून अण्णा झोपत. देवाकडे पाय कसे करणार? "जिवंत माणसाने दक्षिणेला पाय करू नयेत म्हणतात," ते हसून म्हणाले. "मेलेल्याचे करतात. पण मला तेवढीच दिशा उरलीये."

मग अण्णा शिडीवरून पडले, शिडीही मोडली. उजवा हात खांद्याच्या वर जाईना. आणि त्याच साली महापालिकेची निवडणूक लागली. मशीन दिवसभर चालू. वर कोपऱ्यात देव, वर कोपऱ्यात देव. एकदा मी हिय्या करून कोपरा मोकळा ठेवला. गिऱ्हाईक उठून समोरच्या दुकानात गेलं. मी पुन्हा देव टाकू लागले. अण्णांनी मला छापू नका असं कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मला भांडता तरी आलं असतं.

निकालानंतर ते हाताला लागतील तेवढे, खालचे फ्लेक्स कापत फिरले. मग दुकानात येऊन म्हणाले, "ताई, जरा येता का? माझा हात पोचत नाही." मी दुकानातलं उंच स्टूल रिक्षात घालून नेलं. आणि मीच, ह्या हातांनी, दक्षिणेची भिंत देवांनी भरली. सगळ्यात वरची रांग छताला लागून. त्या रांगेसाठी मला स्टुलावर चढून टाचा उंच कराव्या लागल्या. स्टूल मी परत आणलं.

त्या दिवसापासून अण्णा बसून झोपू लागले. खोलीच्या मधोमध, मांडी घालून, पोत्याला टेकून. पाय सुजले, चपलेत मावेनात. डॉक्टरांनी बजावलं, पाय लांब करून झोपा, नाहीतर हे हृदयावर जाईल. मंगल रडून रडून म्हणायची की दिंडोरीला चला, अण्णा म्हणायचे, "घरभर पाहुणे सोडून जाऊ?" मी शेवटचा उपाय सांगितला. "अण्णा, एक भिंत तरी उलटी करून लावू. तोंडं भिंतीकडे."

ते माझ्यावर एकदाच चिडले, ते तेव्हा. "देवाला पाठ फिरवायला लावायची? माझ्या पायांसाठी? त्याला वाटलं तर तो फिरवील. मी नाही सांगणार."

मार्चमधल्या एका सकाळी मंगलचा फोन आला. "ताई, दाराच्या चौकटीवर तुमचाच नंबर लिवलेला हाय. अण्णा गेले." मी दुकान तसंच टाकून निघाले. वाटेत डोक्यात एकच घोळत होतं, की मांडी घातलेल्यातच गेले असतील तर आता ते पाय सरळ कसे करायचे. त्या पायांना मी जबाबदार आहे, हे मला रिक्षात बसल्या बसल्या स्वच्छ दिसत होतं.

आत पाऊल टाकलं आणि वाटलं, खोली चुकले. भिंती पांढऱ्याफटक होत्या. एकही डोळा नाही. देव सगळे जागच्या जागी होते, त्याच खिळ्यांना, पण तोंडं भिंतीकडे. फ्लेक्सची कोरी पांढरी पाठ तेवढी दिसत होती. मुकुट होते, हात होते, सोंडा उलट्या बाजूला वळलेल्या. खालच्या रांगेपासून थेट छतापर्यंत. मी टाचा उंच करून लावलेली रांगसुद्धा.

"मंगल, हे तू केलंस?"

"मी? मी हात बी लावला नाय. मला वाटलं तुम्ही."

"रात्री कोणी आलं होतं का?"

"कोन येनार? सकाळी मी दिंडोरीहून आले तर आतून कडी व्हती. शेजाऱ्यांनी तोडली तवा मी आत आले."

मी खोलीभर नजर फिरवली. चढायला स्टूल नाही, डबा नाही, काही नाही. अण्णांचा हात खांद्याच्या वर जात नव्हता, हे मला ठाऊक होतं. मी देवभोळी नाही. धंद्यातल्या माणसाला ते परवडतही नाही. पण त्या पांढऱ्या पाठींना हात लावून एखादा चेहरा सरळ करून बघावा, एवढं धैर्य मला झालं नाही. दाराच्या फटीतून वारा येत होता, तरी त्यातला एकही हलत नव्हता.

मधोमध चटईवर अण्णा उताणे झोपले होते. पाय दक्षिणेला, पार भिंतीपर्यंत पसरलेले. मंगल पायांशी बसून तळव्यांवरून हात फिरवत होती. तेवढ्यात तिरडी बांधणारी माणसं दारात आली आणि घाई करू लागली, ऊन वाढतंय म्हणाली.

मंगलने मान वर केली नाही. "जरा थांबा भाऊ," ती म्हणाली. "लय दिवसांनी झोपलेत ते."