यंत्राच्या डोळ्याला हळद

हे अंबरेश्वरा, तुझ्या तिन्ही डोळ्यांना माझा नमस्कार. दोन डोळ्यांनी तू जग पाहतोस आणि तिसरा मिटून ठेवतोस. तो उघडलास तर आमच्या किती कचेऱ्या शिल्लक राहतील, याची काळजी तुलाच. तुझ्या त्या अपार संयमाला वंदन करतो, माझ्या जिभेवर थोडा गूळ आणि थोडा कडुनिंब ठेव अशी विनंती करतो, आणि एका बाईचे चरित्र सांगायला उभा राहतो. ती संत नव्हे, पुढारी नव्हे, तिचे फलक कुठल्या नाक्यावर लागलेले नाहीत. ती बदलापूर गावातली कमळाबाई भोईर. उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर या पट्ट्यातल्या एका सरकारी रुग्णालयात, बालकक्षात, एकोणीस वर्षे आया.

कमळाबाईंचे घर आगरी. सासऱ्यांची भाताची खाचरे होती. आता तिथे सात मजली इमारत आहे आणि तिचे नाव 'हरितधाम'. पती किसनराव अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झाले. घरात एक सोफा आहे, सूनबाई रविना माप ओलांडून आली त्याच आठवड्यात आणलेला. आज तिचा मुलगा शाळेत जातो, पण सोफ्यावरचे प्लॅस्टिक अजून निघालेले नाही. नवी वस्तू नवीच राहावी, यासाठी ती कधीही न वापरण्याची जी साधना आपल्या लोकांना साधली आहे, ती योग्यांनाही दुर्लभ!

या बाईंचे ज्ञान काय? हाताच्या पाठीने ताप ओळखायचा. रडण्यावरून भूक आणि पोटदुखी वेगळी करायची. आणि दसऱ्याला कक्षातल्या प्रत्येक यंत्राला हळदकुंकू वाहायचे: वजनकाट्याला, प्राणवायूच्या नळकांड्याला, सलाईनच्या गंजक्या खांबालासुद्धा. "वर्षभर लेकरांसाठी राबतान ती," त्या म्हणत, "एक दिवस तरी त्यांना देव म्हना!"

आता शासनाची लीला ऐका. या रुग्णालयात बालरोगतज्ज्ञाची जागा तीन वर्षे रिकामी होती. शासन कनवाळू. त्याला डॉक्टर देता आला नाही, म्हणून त्याने डॉक्टरचे दर्शन दिले. चाकांवरचा एक खांब, त्यावर पडदा, पडद्यावर इवलासा कॅमेरा, आणि पलीकडे मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयात बसलेल्या डॉ. राजसी. देव दिसत नाही पण असतो, असे आम्ही कीर्तनकार जन्मभर सांगत आलो. इथे डॉक्टर दिसतो पण नसतो. भक्तिमार्गाने एवढी प्रगती आजवर केली नव्हती!

उद्घाटन दसऱ्यालाच ठरले. पाहुणे दोन तास उशिरा आले, फीत कापली, चुकीचे बटण दाबले, "आता कोणतेही बालक दूर नाही" असे म्हणाले आणि स्वतः तत्काळ दूर गेले. मागे उरल्या कमळाबाई आणि त्यांचे तबक. नव्या देवतेचे कपाळ कुठे, म्हणून त्यांनी खालपासून वरपर्यंत शोधले. पडद्याच्या वर एक काळी गोल टिकली दिसली. हेच कपाळ! पाण्यात कालवलेली पातळ हळद त्यांनी तिथे अंगठ्याने प्रेमाने टेकवली, कुंकू खांबाला लावले, झेंडूची माळ घातली आणि हात जोडले.

ती टिकली म्हणजे कॅमेऱ्याची काच, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. आणि काचेवरचा कंपनीचा प्लॅस्टिकचा पापुद्रा कोणी काढला नव्हता. नवी वस्तू ना! हळद त्या पापुद्र्यावर पसरली, वाळली आणि माळेआड सुखाने नांदू लागली.

दुसऱ्या दिवसापासून डॉ. राजसींना प्रत्येक मूल पिवळे दिसू लागले. पहिल्या आठवड्यात अकरा बालकांचे रक्त काविळीसाठी तपासले, अकराही निर्मळ. मग पत्रव्यवहाराची गंगा वाहू लागली. विद्युत विभागाने ट्यूब बदलली. बांधकाम विभागाने पिवळी भिंत पांढरी केली. कंपनीने तक्रारीचा क्रमांक दिला, आणि क्रमांक दिल्यावर आणखी काही द्यावे लागत नाही, यावर तिची श्रद्धा होती. यंत्राजवळ जाऊन त्याच्या तोंडाकडे पाहावे, हे मात्र एकाही विभागाच्या कक्षेत येईना. अखेर पत्र आले: पिवळेपणा हा यंत्राचा गुणधर्म समजून निदान करावे. आणि यंत्रावर पाटी लागली: अनधिकृत व्यक्तीने हात लावू नये. कमळाबाईंचे फडके साऱ्या कक्षावर फिरे, तिथे थबके.

असे तीन महिने गेले. पौषातल्या एका सकाळी बारवी धरणापलीकडच्या पाड्यावरून चंद्री आली. बाळंतीण, पाचवा दिवस, कुशीत लेक. नवरा कान्हा दाराशी उभा.

"दूध नाय घेत," चंद्री म्हणाली. "कालपासून झोपूनच हाय. रडत पन नाय."

कमळाबाईंनी बाळ खिडकीच्या उजेडात नेले. नाकाच्या शेंड्यावर बोट दाबून उचलले. दाबलेली जागा पिवळी. मग तळपाय पाहिला, तोही पिवळा, आणि त्यांचा चेहरा उतरला.

कक्षात निळ्या दिव्यांची पेटी होती. अशा बाळांना वाचवणारा तो उजेड हाताच्या अंतरावर होता. पण नव्या नियमाप्रमाणे तो पेटवायला पडद्यावरची मंजुरी हवी. बाह्यरुग्ण विभागातल्या डॉक्टरांपुढे रांग जिन्यापर्यंत गेलेली, बाळाकडे न पाहताच ते म्हणाले, "स्क्रीनवर मॅडम काय म्हणतात ते बघा, मी तसं लिहितो."

यंत्र चालवायला उल्हासनगर कॅम्प चारचा जितेश होता. त्याने पडदा सुरू केला. चंद्रीला खाटेवर बसवून कमळाबाईंनी बाळ घेतले आणि यंत्र चालू असताना पहिल्यांदाच त्या त्याच्या समोर आल्या. एरवी त्यांची जागा यंत्राच्या मागे.

"बाळ पिवळं दिसतंय," डॉ. राजसी म्हणाल्या, "पण तुमच्याकडे सगळीच पिवळी दिसतात. तो भाग मी वजा करते."

"मॅडम, हे खरंच पिवलं हाय."

"मावशी, तुमची साडी कुठल्या रंगाची?"

"पांढरी. सरकारी."

"मला पिवळी दिसते. मग सांगा, मी कशावर विश्वास ठेवू? रक्त पाठवा. रिपोर्ट उद्या येईल, तेव्हा बोलू."

उद्या! ज्या बाळाला आज डोळे उघडवत नाहीत, त्याला उद्याचा वायदा.

कमळाबाईंनी पडद्याच्या कोपऱ्यातल्या लहान चौकोनात स्वतःला पाहिले. सकाळी निळीत बुडवून नेसलेली साडी, आणि तिथे? लग्नघरातल्या करवलीसारखी! एकोणीस वर्षे लेकरांचे कपडे आणि चाळीस वर्षे घरची भांडी घासलेली ती बाई. हा रंग ट्यूबचा नव्हे, भिंतीचा नव्हे, हे तिला पत्रव्यवहार न करता कळले. तिने नजर वर उचलली. सुकलेल्या माळेच्या आड काळी टिकली होती, टिकलीवर हळदीचा अंगठा होता, आणि अंगठा तिचाच होता.

"अगो माझे आई," ती पुटपुटली. "मीच पाप केलं!"

बाळ डाव्या हातावर घेऊन तिने उजव्या हाताने माळ ओढून काढली आणि नखाने पापुद्रा धरला.

"अरे मावशी, क्या कर रही हो!" जितेश ओरडला. "हात मत लगाओ, वॉरंटी जाएगी ना! साहेब माझी वाट लावतील!"

"वॉरंटी माझे नावावर लिव," कमळाबाई म्हणाल्या. "आनि ही पोर गेली, तर ती कोनाचे नावावर लिवशील?"

पापुद्रा टर्रकन निघाला.

पडद्यावर साडी पांढरी झाली. भिंत पांढरी झाली. बांधकाम विभागाची मेहनत मुंबईला प्रथमच दिसली. बाळ मात्र पिवळेच राहिले.

डॉ. राजसी खुर्चीत पुढे सरकल्या. "मावशी, तळपाय दाखवा. बोट दाबून सोडा... पुन्हा." मग त्यांचा आवाज बदलला. "जितेश, डॉक्टरांना रांगेतून उठवून इथे आणा. निळे दिवे आत्ता लावा, रक्त आत्ता काढा. आईचं दूध पिळून चमच्याने द्या. मी लाईनवरून हलत नाही."

आणि खरोखर त्या हलल्या नाहीत. दूरच्या त्या बाईने दुपारचे जेवण पडद्यासमोरच केले. रिपोर्ट आला, तो पाहून त्या इतकेच म्हणाल्या, "उद्यापर्यंत थांबलो असतो तर..." चौथ्या दिवशी ती पोर असा टाहो फोडू लागली, की बाजूच्या कक्षातून तक्रार आली. कमळाबाईंना एवढे गोड भजन पुष्कळ दिवसांत ऐकायला मिळाले नव्हते.

शासनानेही आपले कर्तव्य केले. अहवालात लिहिले गेले की सातत्यपूर्ण तांत्रिक प्रयत्नांमुळे चित्राचा दर्जा सुधारला आहे. आणि कमळाबाईंना नोटीस आली: यंत्रास विनापरवाना हात का लावला, कारणे दाखवा. जितेश म्हणाला, "मावशी, मी टाइप करून देतो, मस्त इंग्लिशमध्ये." त्यांनी नको म्हटले आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात दोन ओळी लिहिल्या: हळद मीच लावली होती. मूल दिसेना म्हणून मीच काढली. त्या उत्तरावर पुढे काय करावे, हे कोणत्याही नियमात नव्हते; म्हणून ते उत्तर आजही कुठल्याशा टेबलावर विश्रांती घेत आहे.

चंद्री घरी गेली त्या दिवशी कमळाबाई संध्याकाळी घरी आल्या, पायही न धुता सरळ सोफ्यापाशी गेल्या आणि त्याचे प्लॅस्टिक फाडू लागल्या.

"अगो, येड लागलं का तुला?" किसनराव उठले. "नवा हाय तो!"

"नवा म्हनून सात वर्षां कोनाला धड बसाया मिललं नाय," त्या म्हणाल्या. "बसा आता!"

यंदाच्या दसऱ्याला त्यांनी पुन्हा तबक घेतले. भक्ती सोडली नाही, जागा बदलली: हळद चाकांना लावली, आणि यंत्राचा डोळा पदराने पुसून मग हात जोडले. देवाला पूजा हवी असते, पण आधी त्याला दिसू द्यावे लागते, हा सिद्धान्त मी पोथ्यांत शोधत होतो; तो एका आयाच्या पदरात सापडला.

अंबरेश्वरा, या माउलीच्या अंगठ्याला यश दे आणि नखाला धार दे. किसनरावांना त्या उघड्या सोफ्यावर शंभर वर्षे सुखाने बसव. रविनाची कूस आणि ओटी भरलेली ठेव, नातवाच्या डोळ्यांत तेज राहू दे. भोईरांच्या उंबऱ्यावर हळदीचा हात सदैव उमटो, आणि त्या हाताने उचललेले प्रत्येक लेकरू खणखणीत रडत, गुलाबी तळपायांनी, आपापल्या घरी जावो.