आत्याचा देव्हारा आणि सिरक्याचे एक्कावन्न उपयोग

रविवारी शहरात, स्नेहलतागंजला आत्याकडे गेले होते. आज बुधवार, आणि माझं डोकं अजून शांत झालेलं नाही.

आत्याकडे संगमरवरी देव्हारा आहे. आत्याच्या यजमानांनी, आमच्या काकांनी, तो थेट खाणींच्या गावाहून, मकराण्याहून आणला होता, ट्रकमध्ये त्याच्या शेजारी बसून. काका जाऊन तीन वर्षं झाली... आत्या रोज पूजा झाली की त्याच्या पायऱ्यांवरून हात फिरवते.

पुढच्या आठवड्यात घरी सत्यनारायण आहे, म्हणून वहिनीने, आत्याच्या सुनेने, देव्हारा चमकवायला काढला होता. हातात सिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची बाटली, स्टुलावर मोबाईल, मोबाईलवर रील... 'सिरके के इक्यावन घरेलू उपयोग'. तेलाचे पिवळे, कुंकवाचे लाल डाग म्हणे दोन मिनिटांत गायब!

मला पाहताक्षणीच कळलं होतं की हे चुकतंय. चौथीपर्यंत मी शाळेत गेले नाही, आईच घरी शिकवायची. तिने एकदा वाटीत सिरका घेऊन त्यात खडू टाकला होता. खडू फसफसत झिजताना मी पाहिलाय, आणि संगमरवर खडूच्याच जातीचा हेही तिनेच सांगितलं होतं.

तरी मी काय केलं? आधी मोबाईलवर शोधत बसले. आपलंच चुकत असेल तर, वहिनीला वाईट वाटलं तर... यात दहा मिनिटं गेली, आणि तोवर वहिनी सिरक्याने डावीकडची पायरी घासत होती. मग हळूच म्हटलं, "वहिनी, संगमरवराला सिरका नको ना..."

"अगं, खाण्याची चीज आहे ती! चायनीज भेळीत घालतो आपण," वहिनी हसली. "मिनू, तू ना, हर बात में टेन्शन!"

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय. एखादी गोष्ट नीट माहीत असणं म्हणजे घाबरट असणं, हे कुणी ठरवलं?

देव्हाऱ्याशेजारी रांगोळीचं पाकीट होतं. त्यावर चक्क लिहिलं होतं, संगमरवर पावडर. मी चिमूटभर रांगोळी बाटलीच्या झाकणात घेतली आणि वर सिरका ओतला.

रांगोळी उकळल्यासारखी फसफसली.

वहिनीचा हात जागच्या जागी थांबला. "अय्यो... ये तो सोडा जैसा हो गया." मग आम्ही दोघींनी धावत पाणी आणून पायऱ्या धुतल्या.

पुसल्यावर दिसलं. डावीकडच्या पायरीवर पंजाएवढ्या जागेची चमक गेली होती. आत्या स्वयंपाकघरातून आली, बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं... वहिनी रडायला लागली.

सिरक्याशी माझं भांडण नाही. शहराबाहेर राऊला आमच्याकडे बोअरिंगचं पाणी, केटलीत पांढरा थर बसतो, तो मी सिरक्यानेच काढते. पण ज्या कारणाने तो थर जातो, त्याच कारणाने संगमरवरही जातो, एवढं एक वाक्य त्या रीलवाल्या बाईंना सांगता आलं नाही? एक्कावन्न उपयोग सांगितले, एक 'नको' नाही! मी कॉमेंट लिहिली तर उत्तर आलं, "हमारे यहाँ तो कुछ नहीं हुआ," आणि पुढे हसरा चेहरा. कुणाच्या घरात काय होतं ते तुम्हाला दिसतं का हो?

वहिनीवर राग नाही. तिला आत्याला खूश करायचं होतं.

निघताना आत्या दारापर्यंत आली. रागावली नाही, नुसतं विचारलं, "तुला माहीत होतं ना गं? मग आल्या आल्या का नाही ओरडलीस?"

त्या पंजाएवढ्या डागातली दहा मिनिटं माझी आहेत.

उद्या पॉलिशवाला येतोय. मी ऑफिसातून हाफ डे घेतलाय. तो दगडाला काय लावणार आहे, ते त्याने डबा उघडायच्या आधी विचारणार आहे... आणि या वेळी मोठ्याने.