तंबाखूचा अंगठा आणि उलट टाका

पहिली ओळ विणून झाली आणि मी तिच्यावर थाप मारली. वर फुंकरही घातली. तंबाखू मळून झाली की चुना झटकायला मारतात, अगदी तशी. सुई सटकून पलंगाखाली गेली, टाके उसवले आणि बाळंतपणाला आलेली आमची लेक इतकी हसली की कुशीतली तिची मुलगी जागी झाली.

ती मुलगी, म्हणजे माझी नात, हेच या सगळ्याचं कारण. ती झाली तेव्हा मी घ्यायला हात पुढं केले, तर बायकोनं ते हुंगले. "अय्य! ह्या हातात पोरगी द्यायची न्हाय. आधी तंबाखू सोडा." मी म्हटलं, हात रिकामे राहिले की डबीकडं जातात. तिनं लगेच त्यांत सुया आणि लोकर दिली. "टोपडं विणा. ते होईस्तोवर डबीला शिवला न्हाईत, तर देते की वो." सोलापुरात लोकरीचं टोपडं घालायचं कधी, हे विचारायची माझी छाती नव्हती.

बायको धागा उजव्या हातानं सुईवर टाकते. मी डावखुरा, मला ते जमेना. लेकीनं मोबाइलवर परदेशी पद्धत शोधून दिली. धागा डाव्या तर्जनीवर ताणून धरायचा आणि सुईनं नुसता उचलायचा. सुलट टाका लगेच बसला. पण टोपड्याच्या काठाला सुलट-उलट एकाआड एक, आणि उलट टाक्यानं माझी अब्रूच काढली. त्यात धागा सुयांच्या पुढं असतो, तो सुईवरून वळवून खाली आणायचा. व्हिडिओतली बाई तर्जनी जराशी वाकवते की झालं. माझी वाकली की धागा सुटायचा, न वाकवावी तर मनगटात कळ. वर्गात 'बाई, मी सांगतो' म्हणणाऱ्या पोराच्या बोटासारखी ती आपली ताठ.

"पोरगी शाळेला जायच्या आत हुईल न्हवं टोपडं?" बायको विचारायची.

अशात एका दुपारी, नुकतंच जेवण झालेलं, आणि माझा जुना तंबाखूमित्र आला. समोर बसून त्यानं डबी उघडली.

"मळू का दोघांची?"

वास नाकात शिरला. तोंडाला पाणी सुटलं. मी व्हय म्हणणार, एवढ्यात माझा डावा अंगठा आपणहून हलला. मळताना दाबतो तसा दाबून खाली सरकला. मधे धागा होता. तो सुईवरून वळून खाली बसला, मी सुई मागं घेतली, तर फास अलगद निघून आला. तर्जनी जागची हलली नव्हती. पुन्हा केलं. पुन्हा झालं!

"आरं, मळू का?"

"तू मळ. माझं मळणं चालूच हाय की."

टोपडं झालं. एका कानावर जरा ढगळच. बायकोनं ते आतून-बाहेरून पाहिलं, माझे हात परत हुंगले आणि नातीला माझ्याकडं दिलं. मग म्हणाली, "नुसतं थोपटायचं. फुंकायचं न्हाय."